मुखवटा कुंभाराचा, वस्त्र घरचे

वऱ्हाडातील कुंभाराचे वर्ष पंचांगाने बांधलेले असते. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला त्याने मातीचे बैल द्यावयाचे, भाद्रपदातील चतुर्थीला गणपती, त्यामागोमाग महालक्ष्म्यांचे मुखवटे, पौर्णिमेला भुलाबाई, अश्विनात घट आणि दिवाळीला पणत्या. यातले घट नि पणत्या सोडल्या, तर बाकीचे सारे काम चाकावरचे नाही. ते बोटांचे, फार तर साच्याचे आहे. वर्षभर माठ-रांजण घडविणारा हात त्या दीड-दोन महिन्यांपुरता मूर्तिकाराचा हात होतो. आपल्याकडील कलेचे इतिहास देवळांच्या शिल्पांविषयी आणि लेण्यांविषयी भरभरून बोलतात. या हाताविषयी मात्र फारसे बोलत नाहीत. वास्तविक मातीची बाहुली ही लेण्यांहून कितीतरी जुनी आहे.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. जिल्हा तसा नवा. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून तो वेगळा निघाला. वाशीमचे नाव मात्र पुरातन. वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते आणि त्याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची कित्येक लेणी कोरली व रंगविली गेली. मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. आपल्या ख्रिस्ती नकाशावर हा सारा मुलूख १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. तरीही अशा गावांच्या कलेचा इतिहास ताम्रपटांत शोधण्यापेक्षा त्यांच्या सणांत शोधावा हे बरे. तेथे तो दरवर्षी नव्याने घडतो आणि दरवर्षी पाण्यात विरघळून जातो.

भुलाबाईचेच पाहा. पश्चिम महाराष्ट्रात जो भोंडला किंवा हादगा, त्याची ही वैदर्भीय बहीण. भाद्रपद पौर्णिमेला ती घरी येते आणि अश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागरीपर्यंत, पाहुणी म्हणून राहते. भुलाबाई आणि भुलोजी ही पार्वती-शंकराची लौकिक रूपे. पार्वतीने भिल्लिणीचे रूप घेतले म्हणून भुलाबाई, असे लोक सांगतात. रोज संध्याकाळी मुली घरोघर जमून टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात. सासर, माहेर, नणंद, दीर असे सारे संसारपुराण त्या गाण्यांत असते. मग झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. कोजागरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव करून त्याखाली जोडी बसवितात.

आपल्याला आज प्रयोजन आहे ते त्या जोडीशी. हातभर उंचीची किंवा त्याहूनही लहान अशी ही मातीची मूर्ती असते: भुलोजीच्या डोक्याला फेटा, भुलाबाईच्या अंगावर लुगडे, मांडीवर बाळ गणपती. देव म्हणावे तर चेहरे शेजारच्या पाटील-पाटलिणीचे. डोळे मोठे, ओठांवर लाल ठिपका, गालांवर गुलाबी छटा. अंगप्रत्यंगांच्या प्रमाणबद्धतेची चिंता कुंभार करीत नाही. पाय बहुधा आखूड आणि डोके मोठे. मात्र फेट्याचा पीळ, नथ, पाटल्या आणि काठपदर यांत तो हात आखडता घेत नाही. चित्रशाळेत शिकलेल्या डोळ्यांना ही मूर्ती ओबडधोबड वाटेल. पण ती पुजाऱ्याच्या हाती जावयाची नसून आठ-दहा वर्षांच्या मुलींच्या हाती जावयाची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे शास्त्र उमगते. ती बाहुली आहे, आणि मुली महिनाभर तिच्याशी बाहुलीसारख्याच बोलतात.

महालक्ष्म्यांची गोष्ट थोडी निराळी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. विदर्भात त्यांच्यासोबत त्यांची बाळेही मांडतात. या देवता अंगाने पूर्ण नसतात. कुंभार किंवा कासार देतो तो केवळ मुखवटा. शाडूचा असेल, पितळेचा असेल. हात वेगळे. धड म्हणजे एक लाकडी किंवा लोखंडी सांगाडा, नाहीतर पत्र्याची कोठी, आणि पुष्कळ घरांत त्या कोठीत धान्य भरतात. बाकीची देवी घडवावयाची ती घरातल्या बायकांनी. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या कोठे पडाव्यात, पदर किती उतरावा, खांदा भरदार दिसावा म्हणून आत कोणते कापड कोंबावे, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे जाते. अमरावतीकडचे मुखवटे तर एवढे नावाजलेले की पुण्या-मुंबईच्या दुकानांतही ते त्याच नावाने मागितले जातात. पण मुखवटा कितीही देखणा असला तरी वस्त्र चढेपर्यंत तो ताटातला एक जिन्नस असतो.

कारागिराने चेहरा द्यावा आणि घराने देह द्यावा, ही वाटणी मला फार अर्थपूर्ण वाटते. जगात इतरत्रही ती आढळते, आणि आपल्या ख्रिस्ती परंपरेत तर ती ठळकपणे आढळते. तिकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत निघाली. त्यातील एका घराच्या जमिनीखाली मातीची एक झाकणदार लंबगोल पेटी सापडली. पेटीत एक लहानशी स्त्रीमूर्ती होती, कच्च्या मातीची आणि शिराविना. पेटीवर आणखी एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल. स्त्रीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके अशी की, मधे काडी खोवली तर ती बैलावर उभी राहावी. तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी कोणीतरी ती घडविली, न भाजता तशीच वाळविली, पेटीत जपून ठेवली आणि पेटी घरात पुरली. देवी होती की नवसाची बाहुली, यावर विद्वानांनी खल केला आहे. सामान्य वाचकाला एवढे दिसते की काडीने जोडण्याची, सुटे अवयव करून एकत्र उभे करण्याची युक्ती तेव्हाही ठाऊक होती. मातीचा बैल तर पोळ्याला आजही तसाच होतो.

पुढे सातवाहनांच्या काळात ही कला गावातून नगरात आली. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे ग्रीक लेखकांचे तगर, हे तेव्हा भरभराटीचे व्यापारी शहर होते. तेथे पांढऱ्या, मऊ केओलिन मातीच्या कितीतरी बाहुल्या मिळाल्या आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या संग्रहात त्या पाहावयास मिळतात. त्या दुहेरी साच्याच्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात, पाठ दुसऱ्या साच्यात, आणि दोन्ही ओली असतानाच जुळविलेली, आत पोकळ. पोकळ ठेवण्यामागे कारण आहे. भरीव माती आतून ओली राहते आणि भट्टीत तडकते. केशरचना अशी नाजूक की एकेक बट मोजावी. तेथील कारागीर हस्तिदंतही कोरीत. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती दख्खनची असावी असे पुष्कळ अभ्यासक मानतात, कारण तिच्याशी साम्य असलेले हस्तिदंती काम तेरला आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळाले आहे. डोक्यावरून आत एक भोक गेलेले आहे. आरशाची मूठ असेल, आसनाचा पाय असेल. ती आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

त्याच नेपल्सला आपल्याला दुसऱ्या एका कारणासाठी जावे लागते.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेचो या डोंगरी गावात नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली, हे आपल्या घरातल्या मुलांनाही माहीत असते. पण त्या गव्हाणीत बाहुल्या नव्हत्या. खरा बैल होता, खरे गाढव होते, गवत होते आणि त्यावर मिस्सा अर्पण झाली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली गव्हाणीविषयीचे आपले प्रेषितीय पत्र मुद्दाम त्याच गावी जाऊन स्वाक्षरित केले. मूर्तींची गव्हाणी पुढच्या शतकांत हळूहळू आली, आणि तिचा सर्वांत मोठा बहर अठराव्या शतकातील नेपल्समध्ये आला. तेथील बाहुली अशी: डोके आणि मान भाजलेल्या मातीची, डोळे काचेचे, हातपाय लाकडाचे आणि मधले धड म्हणजे लोखंडी तार, तिच्यावर तागाचा काथ्या गुंडाळलेला. त्यामुळे ती वाकते, बसते, ओझे उचलते, हात पसरते. उंची साधारण सव्वा फूट. अंगावर खऱ्या रेशमाचे, जरीचे, खऱ्या बटणांचे कपडे. झाकलेल्या चेहऱ्याची आलेशाने कोरलेली ख्रिस्तमूर्ती, जिच्यावरील संगमरवरी वस्त्र खरोखरच ओले आहे की काय असे वाटावे, ती १७५३ साली घडविणारा जुझेप्पे सान्मार्तीनो हा थोर शिल्पकारही गव्हाणीसाठी मातीची डोकी करीत असे. म्हणजे हे काम कमी प्रतीचे मानले जात नव्हते. राजा चार्ल्स बुर्बोन याला या खेळाचा अतोनात नाद होता आणि त्याची राणी स्वतः बाहुल्यांचे कपडे शिवी, असे सांगतात.

येथेही वाटणी तीच. चेहरा मूर्तिकाराचा, वस्त्र घरच्या स्त्रियांचे. राजवाड्यातली राणी आणि वऱ्हाडातली सून, दोघींच्या हातात सुई-टाचणी आहे आणि दोघी कापडाच्या घड्यांतून देह उभा करीत आहेत.

नेपल्सची गव्हाणी पाहणाऱ्याला पहिल्यांदा बाळ येशू सापडतच नाही. भाजीबाजार, खानावळ, कोंबड्या विकणारी म्हातारी, आंधळा भिकारी, दारू पिऊन पेंगणारा माणूस, पूर्वेकडील राजांच्या मागून वाजंत्री वाजवीत येणारी मिरवणूक, असा सारा गदारोळ पार केल्यावर एका पडक्या देवळाच्या खांबांमध्ये पवित्र कुटुंब दिसते. मिकेले कुचिनिएल्लो याने दान केलेली अशी एक प्रचंड गव्हाणी १८७९ पासून तेथील सान मार्तीनो मठाच्या संग्रहालयात आहे. धर्मशास्त्राच्या चष्म्यातून पाहणाऱ्या कित्येकांना हा पसारा खटकला. मला तो खटकत नाही. बेथलेहेममध्ये त्या रात्री जागाच नव्हती ती अशाच गर्दीमुळे.

फ्रान्सच्या दक्षिणेस मार्सेय येथे याच कलेने गरिबाघरचा वेष घेतला. क्रांतीच्या धामधुमीत चर्चे बंद झाली, मध्यरात्रीची मिस्सा थांबली आणि सार्वजनिक गव्हाण्या नाहीशा झाल्या. तेव्हा जाँ-लुई लान्येल (१७६४–१८२२) या कारागिराने प्लास्टरचे साचे करून त्यांतून कच्च्या मातीच्या बोटभर मूर्ती काढल्या. वाळवून, रंगवून त्या इतक्या स्वस्त विकता येत की कोणीही आपल्या घरातच गव्हाणी मांडावी. त्यांना ‘सांतों’ म्हणतात, म्हणजे छोटे संत. १८०३ पासून मार्सेयला त्यांचा बाजार भरतो. पण या संतांत संत थोडेच! पावाची टोपली घेतलेला बेकरीवाला आहे, कोळीण आहे, पीठ दळणारा आहे, आणि दोन्ही हात वर करून आश्चर्याने पाहत राहिलेला गावातला भोळसट आहे. त्याच्यापाशी बाळाला देण्यासारखे काही नाही, म्हणून तो नुसताच आनंदाने हात उंचावतो. आपल्या भुलोजीला त्या रांगेत नेऊन बसविले तर तो मुळीच परका वाटणार नाही.

वाचकांच्या लक्षात आले असेल की साच्याला मी वाईट म्हणत नाही. तेरच्या बाहुल्या साच्याच्या होत्या, लान्येलच्याही साच्याच्याच. साचा बाहुलीला स्वस्त करतो. प्रश्न साच्यानंतर हाताला काही उरते की नाही, हा आहे.

आता गोव्याकडे येऊ. पोर्तुगीजांनी आणलेल्या मूर्तिपरंपरेत एक प्रकार ‘रोका’चा होता. मूर्तीचे डोके आणि हात तेवढे नीट कोरावयाचे. कमरेखाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आणि वर झगा. मिरवणुकीत अशी मूर्ती हलकी पडते आणि सणाप्रमाणे तिचे वस्त्र बदलता येते. महालक्ष्मीची कोठी ज्याने पाहिली आहे त्याला याचे वेगळे स्पष्टीकरण नको. एकाने दुसऱ्याचे उचलले असे मी म्हणत नाही. दोन्हीकडच्या सुतारांना आणि दोन्हीकडच्या गृहिणींना एकाच अडचणीवर एकच उपाय सुचला, एवढेच. गोवा वेल्हा येथे प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारानंतरच्या सोमवारी फ्रान्सिस्कन परंपरेतील संतांची मिरवणूक निघते. त्यातील पुरुषभर उंचीच्या मूर्ती कापडी झगे घालून खांद्यांवरून फिरतात. १८३४-३५ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने संन्यस्त संघ बंद केले तेव्हा या मूर्तींची मोठी हेळसांड झाली आणि मूळच्या कितीतरी नष्ट झाल्या. गुड फ्रायडेला क्रुसावरून उतरविण्याच्या विधीसाठी खांद्यांत सांधे असलेली ख्रिस्तमूर्ती गोव्यातील अनेक चर्चेसमध्ये असते. खिळे काढल्यावर तिचे हात खाली येतात आणि देह कापडात गुंडाळता येतो. सांधा दिसू नये म्हणून त्यावर कातडे किंवा कापड चढवून रंग देण्याचे कसब जुन्या कारागिरांपाशी होते.

गोव्यातील हस्तिदंती बाळ येशू हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून दात यावेत, गोव्यात ते कोरले जावेत आणि तयार मूर्ती लिस्बनला रवाना व्हाव्यात, असा सतराव्या शतकातील व्यापार. ‘उत्तम मेंढपाळ’ नावाची जी मूर्ती त्या काळी फार लोकप्रिय होती, तिच्यात बाल येशू टेकडीच्या शिखरावर बसलेला आहे, पाय एकावर एक, एक हात गालाशी, डोळे मिटलेले. खाली झरे, मेंढरे, पशू. युरोपातल्या कोणत्या शिल्पात असा ध्यानस्थ बालक सापडणार? ज्याने तो कोरला त्याच्या बोटांना बुद्धाची आणि योग्याची बैठक ठाऊक होती. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात अशी कामे आहेत. हे संग्रहालय १९९४ साली राशोल सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ साली येथे आले.

आणि हा कारागीर पुष्कळदा ख्रिस्ती नव्हताच. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतीय धर्मसभेने ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असा दंडक घातला. दंडक घालावा लागला याचाच अर्थ तसे सर्रास चालत होते. आणि दंडकानंतरही ते चालत राहिले, कारण छिन्नी ज्यांच्या घराण्यात होती त्यांच्याकडेच काम जाणार. वेदीवरील मूर्ती घडविणाऱ्या त्या सुतार-शिल्पी मंडळींची नावे कोठे कोरलेली नाहीत. आपण ज्यांच्यापुढे गुडघे टेकले त्या मूर्तींच्या पापण्या कोणाच्या हाताने मिटल्या, हे विचारण्याची पद्धत आपल्यात पडली नाही.

मूर्तीला वस्त्र चढविण्याच्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध मूर्ती अर्थातच प्रागचा बाळ येशू. सुमारे दीड फूट उंचीची ही मूर्ती लाकडाची असून तिच्यावर मेणाचा लेप आहे. पोलिक्सेना लोबकोवित्झ या सरदार स्त्रीने १६२८ साली ती प्रागच्या कार्मेलाइट मठाला दिली. आता तिच्यापाशी शंभराहून अधिक झगे आहेत आणि उपासनावर्षाच्या रंगाप्रमाणे धर्मभगिनी ते बदलतात. नाशिकरोडला दर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला जाणारी आपली कुटुंबे तिच्याच प्रतिकृतीसमोर मेणबत्त्या लावतात. महाराष्ट्राच्या बाजारात मग बाळ येशूचे छोटे झगे शिवून विकले जाऊ लागले, यात नवल ते काय? ती मूर्ती वस्त्रासाठीच घडविलेली आहे.

एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. जुन्या करारातील प्रज्ञाग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात एक कुंभार येतो. एकाच मातीच्या गोळ्यातून तो घरची भांडीही करतो आणि विकण्यासाठी देवही करतो, आणि ग्रंथकर्ता त्याचा कठोर उपहास करतो. यिर्मयाच्या कुंभाराविषयी आपण प्रवचने ऐकतो. या दुसऱ्या कुंभाराविषयी क्वचितच. निसीया येथील ७८७ सालच्या विश्वपरिषदेने प्रतिमांना दिला जाणारा मान प्रतिमेत अडकत नाही, ज्याची प्रतिमा असेल त्याच्याकडे तो जातो, असा निर्णय देऊन वाद मिटविला. वाद शास्त्रापुरता मिटला. पोटासाठी माती मळणारा तो कुंभार मात्र दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात दुर्लक्षितच राहिला. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते. पाणी भरण्याचा माठ आणि मुलीची भुलाबाई एकाच मातीची असणे यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

हस्तकलेला खरा धक्का बसला तो एकोणिसाव्या शतकात. पॅरिसमधील सँ-सुल्पीस चर्चच्या परिसरातील दुकानांतून प्लास्टरच्या गोंडस, गुलाबी-निळ्या मूर्ती छापील यादीवरून मागविता येऊ लागल्या आणि मिशनऱ्यांबरोबर त्या पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पोहोचल्या. मालवणात, वसईत, नागपुरात, कोठेही तीच मरिया, तोच योसेफ, तेच निळे डोळे. भाविकांचे प्रेम त्यांवर बसले आणि प्रेम बसले की मूर्ती आपली होते, हे मान्य. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात सर्व लोकांच्या कलेला मुक्त वाव असावा असे म्हटले, तोवर आपल्या गावातल्या कारागिरांना चर्चचे काम मागण्याची सवयच राहिली नव्हती. हिंदू घरांतही थोड्याफार फरकाने तेच घडले. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणपतीने शाडूला मागे सारले. महालक्ष्म्याही आता पायापर्यंत पूर्ण, अंगावर रंगविलेल्या साडीसह मिळतात. निऱ्या घालण्याचे कामच उरले नाही. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तींविषयी सुधारित सूचना काढल्या तेव्हा मातीची पुन्हा आठवण झाली, ती पाण्याच्या काळजीने. कलेच्या काळजीने नव्हे.

माती परत आली तरी हात परत येणे सोपे नाही. वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन या कामाला निरुपयोगी; वाळताना ती भेगाळते. त्यासाठी तळ्यातला वा नदीकाठचा चिकण गाळ आणावा लागतो, वाळवून, कुटून, चाळून, भिजवून पायांनी तुडवावा लागतो आणि त्यात कापूस किंवा काथ्या मिसळावा लागतो, म्हणजे सुकताना ती धरून राहते. मूर्ती वाळताना लहान होते हे धरूनच चेहरा थोडा मोठा घ्यावयाचा. सावलीत वाळवावयाची, उन्हात ठेवली की नाक फुटते. भेगांत पातळ मातीचा लेप भरावयाचा, घासावयाचे, मग खडू आणि डिंकाचा पांढरा हात, त्यावर रंग. सर्वांत शेवटी डोळे. मूर्तिशाळेत या कामाला ‘आखणी’ म्हणतात आणि बाकीचे सारे पोरांवर सोपविणारा वडीलधारा कारागीर आखणीला स्वतः बसतो. भुवईची एक रेघ, पापणीची एक रेघ, मधे काळा ठिपका. त्या ठिपक्याला आपण मराठीत बाहुलीच म्हणतो, डोळ्यातली बाहुली. लॅटिनमध्येही डोळ्याच्या त्या भागाला ‘पुपिल्ला’ म्हणतात आणि त्याचा अर्थही छोटी बाहुलीच. समोरच्याच्या डोळ्यात डोकावले तर स्वतःचीच चिमुकली आकृती दिसते, त्यावरून दोन दूरच्या भाषांना एकच शब्द सुचला.

आपल्या घरच्या गव्हाणीत अजून थोडी जागा हाताला आहे. वसईत आणि गोव्यात नाताळच्या काही दिवस आधी ताटलीत नाचणी किंवा गहू पेरून कोवळे हिरवे गवत उगवितात आणि ते गव्हाणीभोवती मांडतात. डोंगर गोणपाटाचे, कागदाचे, तळे आरशाचे. मूर्ती तेवढ्या विकतच्या, प्लास्टरच्या नाहीतर प्लास्टिकच्या, खोक्यातून निघालेल्या आणि खोक्यात परत जाणाऱ्या. एखाद्या मेंढपाळाने धोतर नेसावे, डोक्याला मुंडासे बांधावे, घोंगडी घ्यावी, असा प्रयत्न काही धर्मग्रामांत होतो. पण बहुधा तो चित्रातच राहतो, कारण तशी मूर्ती दुकानात मिळत नाही.

ती कुंभाराकडे मिळेल. त्याचे पंचांग पुन्हा एकदा पाहावे. दिवाळीच्या पणत्या संपल्या की त्याचे मूर्तिकाम थांबते आणि संक्रांतीची सुगडी करावयास घेईपर्यंत मधे महिना-दीड महिना त्याचा हात थोडा मोकळा असतो. नाताळ नेमका त्या मोकळ्या महिन्यात येतो. त्याला फेटेवाला भुलोजी करता येतो, तेव्हा योसेफ जड जाणार नाही. बैल तर त्याने पोळ्यालाच केलेला असतो. गाढव मात्र समोर बसून सांगावे लागेल. मरियेचे डोके आणि हात तेवढे घ्यावेत, चेहरा जरा मोठा सांगावा, आणि लुगड्याचा तुकडा घरातून काढावा.